मिस्त्रींनी शिकवलेलं हाड

स्फिनॉइड हे हाड मला विद्यार्थिनी असताना कधी कळलंच नाही. कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे, अगदी मधोमध बसलेलं असतं ते. पंख पसरलेल्या वटवाघळासारखं दिसतं, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण वटवाघूळ दिसलं म्हणजे हाड कळलं असं नाही. त्याला भोकं किती, खाचा किती, कुठल्या बाजूला कुठलं हाड टेकतं, हे सगळं मी पाठ केलं होतं. पाठ करून घ्यायला वडील होते. ते एका सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन माझं जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचे आणि अक्षरं जुळवत विचारायचे, "फोरामेन... रो... टंडम. यातून काय जातं?" मी धडाधड सांगायची. ते ओळीवर बोट फिरवून ताडून बघायचे आणि "बरोबर" म्हणायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मलाही फारसं कळत नव्हतं, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मेडिकलच्या अभ्यासाला आणलेल्या खऱ्या हाडांच्या पिशवीला आईने घरात बंदी केली होती. ती जिन्याखाली, वडिलांच्या सायकलीशेजारी असायची. हाड हाताळायचं तर तिथे बसूनच, आणि उठल्यावर थेट मोरीत हातपाय धुवायला. त्यामुळे मी हाडं कमी हाताळली आणि पुस्तक जास्त वाचलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं तेच हाड हातात दिलं. मी एका दमात सगळं म्हणून टाकलं. पास झाले, मार्कही चांगले पडले. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, तू ते उलटं धरलं होतंस." परीक्षकांना ते दिसलं असणारच. माझा वेग बघून त्यांनी सोडून दिलं असावं.

पुढे मी ॲनाटॉमीचीच शिक्षिका झाले, कोल्हापुरातच, आणि पंधरा-सोळा वर्षं त्याच वेगाने शिकवत राहिले. फळ्यावर आकृती, रंगीत खडू, नावांची यादी. मुलं लिहून घ्यायची. मला कोणी वाईट शिक्षिका म्हटलं नाही. चांगलीही म्हटलं नाही.

मिस्त्री आले ते देहदानाचा फॉर्म भरायला. विभागात ते काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. सत्तरीचे असतील. पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, शरीर द्यायचं हाय. हितंच द्यायचं न्हवं?"

मी त्यांना बसवलं, फॉर्म दिला, नियम सांगितले. काय काम करता, असं विचारल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं शिरोलीत पॅटर्न केल्यात." माझा जन्म कोल्हापुरातला, पण शिरोली एमआयडीसीत पॅटर्न करतात म्हणजे काय करतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करावा लागतो, आणि साचा उठवायला त्या वस्तूची लाकडाची हुबेहूब प्रत लागते. ती प्रत करणारा तो पॅटर्नवाला मिस्त्री. "आणि वस्तू आतनं पोकळ पायजे असली, तर पोकळीचाबी येगळा तुकडा करायला लागतोय. वाळूचा. त्येला कोर म्हणत्यात. नव्या माणसाला वस्तू दिसती. पोकळी दिसायला धा वर्षं जात्यात."

माझ्या टेबलावर वरून कापलेली एक कवटी होती. त्यांनी विचारलं, "हात लावू काय?" मी हो म्हटलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि आत अंगठा फिरवला. डोळे टेबलावर नव्हते, खिडकीबाहेर होते. अंगठा थांबला तो बरोबर स्फिनॉइडवर.

"ही भोकं कशाची?"

मी नावं सांगितली. तिन्ही, ओळीने.

"नाव न्हाय विचारलं मॅडम. कशासाठी हाईत?"

मी सांगितलं. एकातून गालाकडे जाणारी नस जाते, दुसऱ्यातून जबड्याकडे जाणारी, तिसरं बारीक भोक एका रक्तवाहिनीचं. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि तिचं टोक हलकेच भोकाच्या तोंडाशी धरून बघितलं.

"म्हणूनच," ते म्हणाले. "गालाकडं जायाचं त्येचं तोंड पुढं हाय. जबड्याकडं जायाचं त्ये खाली बघतंय. वाट कुटं जाती त्ये भोकच सांगतंय की. मग पाठ कशाला करायचं?"

मी कवटी त्यांच्या हातातून घेतली आणि बघितलं. पहिलं भोक खरंच पुढे बघत होतं, दुसरं खाली. वीस वर्षं ते हाड माझ्या हातात होतं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. लाज मी दाखवली नाही. "हो, तसंच असतं ते," असं म्हटलं, जणू मला आधीपासून ठाऊक होतं.

त्यानंतर ते गुरुवारी येऊ लागले. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये बाहेरच्या माणसाला नेता येत नाही, पण माझ्या खोलीत हाडं बघायला हरकत नव्हती. पाव तास बसायचे. खुब्याचा सांधा, मनगटातली खड्यांसारखी आठ हाडं, असं एकेक बघून जायचे. कधी मला काम असायचं आणि मी घड्याळाकडे बघायची. ते लगेच उठायचे. "येतो मॅडम. पोरं खोळंबली असतील."

चार-पाच महिन्यांनी एका गुरुवारी ते रिक्षाने आले. बरोबर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडून बघितलं तर सागवानी स्फिनॉइड. खऱ्याच्या कितीतरी पट मोठं, चार मुलांनी भोवती वाकून बघावं एवढं. भोकं आपापल्या दिशेला वळलेली. मधला भाग डब्यासारखा उघडायचा आणि आत हाडातली पोकळी दिसायची. त्या पोकळीच्या आकाराचा एक वेगळा तुकडाही त्यांनी केला होता, काढता-घालता येणारा. "कोर बी दिलाय," ते म्हणाले.

ते हाड घेऊन मी वर्गात गेले आणि माझं शिकवणंच बदललं. मी नावं शेवटी सांगायला लागले. आधी विचारायची, हे भोक कुठे बघतंय? मग इथून निघालेलं कुठे पोचेल? मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उत्तरं द्यायला लागली. मग मी ती रीत बाकीच्या हाडांना लावली, पोटाला लावली, छातीला लावली. त्या वर्षी मुलांनी अभिप्रायाच्या कागदावर माझ्याबद्दल असं लिहिलं, जे आधी कधी कोणी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या विभागातले लोक लेक्चर ऐकायला आले. विभागप्रमुखांनी लाकडी हाड हातात घेऊन विचारलं, "हे कुठून आणलंत?" मी म्हणाले, "एका मिस्त्रीकडून करून घेतलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता म्हणून मी तेव्हा स्वस्थ होते. कल्पना माझी आणि हात त्याचे, असा अर्थ त्यांनी घेतला आणि मी घेऊ दिला. वर्गातही मी मिस्त्रींबद्दल कधी बोलले नाही. वेळ कुठे असतो, पोर्शन संपवायचा असतो, हे मी स्वतःला सांगायची.

एका गुरुवारी मिस्त्री नेहमीसारखे हाडांकडे गेले नाहीत. खुर्चीत बसून राहिले.

"मॅडम, एक काम हुतं. फॉर्मवर पोराची सही हाय. आमच्या मंडळींची न्हाय."

"मुलाची सही आहे, पुरे आहे काका. नियमाने चालतं."

"नियमाचं न्हाय वो. ती घाबरतीया. मी सांगतो, पोरगं सांगतंय, तिला पटंना. म्हणती, तिथलं कोण तर येऊन सांगू दे. तर तुम्ही एकदा या की घरला. पेठेतच हाय, शिवाजी पेठेत. चहा घ्या, दोन शब्द बोला, झालं."

माझ्या घरापासून ते स्कूटरवर पंधरा मिनिटं असेल. मी म्हणाले, "येते की. या रविवारी येते."

त्या रविवारी नात्यातला साखरपुडा निघाला. मी त्यांना फोन केला नाही. गुरुवारी भेटतीलच, तेव्हा सांगू म्हटलं. गुरुवारी ते म्हणाले, "असू दे, असू दे. पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी विद्यापीठाचे पेपर तपासायला होते. तिसऱ्या रविवारी मात्र काहीच नव्हतं. मी दुपारी जेवून झोपले. चार वाजता जाग आली तेव्हा आठवलं. अजून जाता आलं असतं. पण साडी बदलायची, गल्ली शोधायची, अनोळखी बाईला मरणाबद्दल समजावायचं, याचा कंटाळा आला. मी चहा टाकला.

त्यानंतर मिस्त्रींनी पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. ते येत राहिले, हाडं बघत राहिले.

पावसाळा संपता संपता एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी लेक्चरला निघाले होते, मांडीचे स्नायू शिकवायचे होते.

"मॅडम, बाबा गेले. सकाळी उठलेच न्हाईत. त्येंनी सांगून ठेवलतं, पहिला फोन तुमास्नी करायचा."

मी वाईट वाटल्याचं म्हणाले. मग डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागेल, आधार कार्ड लागेल, किती तासांच्या आत आणायला पाहिजे, सगळं सांगितलं. पुढचं आमचा कर्मचारी बघेल म्हणून त्याचा नंबर दिला आणि वर्गाकडे चालू लागले. जिन्यातच पुन्हा फोन वाजला.

"मॅडम, आई ऐकंना झालीया. तुम्ही बोलता काय?"

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मग अगदी कोरडा आवाज.

"कोण बोलतंय?"

"मी मेडिकल कॉलेजमधून बोलतेय, मावशी."

"ह्येंचं काय करणार तुमी तिथं?"

जिन्यातून मुलं वर-खाली जात होती. मला उशीर झाला होता. मी म्हणाले, "मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या शरीराचा अतिशय आदराने वापर केला जातो."

"वापर म्हंजे?"

 वाक्य तयार होतं ते तेवढंच, फॉर्मवरचं. त्यापुढे मी काहीतरी बोलले असेन, पण तोवर फोन मुलाकडे परत गेला होता. "बघतो मॅडम," तो म्हणाला.

मी तेव्हा जाऊ शकले असते. विभागात सांगितलं असतं तर कोणीही माझं लेक्चर घेतलं असतं. मी वर्गात गेले आणि तासभर मांडीचे स्नायू शिकवले, नीट शिकवले. बारा वाजता मुलाने कळवलं, "मॅडम, आम्ही घाटावर नेतोय. माफ करा."

"ठीक आहे," मी म्हणाले. "आमच्याकडून काही अडचण नाही."

ज्या माणसाने मला माझा विषय शिकवला तो गेल्यावर त्याच्या मुलाला मी हे सांगितलं. आमच्याकडून काही अडचण नाही.

महिन्याभराने मी गेले. गल्ली शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तालमीच्या मागे विचारलं तर एकाने घर दाखवलं. "पॅटर्नवाल्या मिस्त्रींचं न्हवं? त्ये निळं दार." मावशी दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. मी नाव-गाव सांगायला तोंड उघडलं.

"वळखलं," त्या म्हणाल्या. "फोनवरचाच आवाज हाय की. या, बसा."

मुलगा कामावर गेला होता. सून चहा टाकायला आत गेली. मी म्हणाले, "मावशी, मला आधीच यायला पाहिजे होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. रागाने नाही. वाटाण्याची शेंग सोलावी तसं सहज. "ह्येंनी लई वाट बघितली. पहिल्या रविवारी दारात खुर्ची टाकून बसलं. पोराला कोपऱ्यावर उभा केलतं, म्हटलं मॅडमना गल्ली घावायची न्हाय. दुसऱ्या खेपेला मी शिरा केलता. तिसऱ्या खेपेला म्हटलं, न्हाय येत ती बाई. तर माझ्यावरच चिडलं. म्हणलं, परीक्षा असत्यात त्येंच्या, तुला काय कळतंय."

मी पुढ्यातल्या भाजीची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

"मला दुसरं काय न्हवतं विचारायचं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच पायजे हुतं, की झाकत्यात का न्हाय. का तसंच उघडं ठेवत्यात पोरापोरींच्या म्होरं. ह्ये लई लाजाळू माणूस. घरातबी कधी बनियनवर बसलं न्हाईत."

"झाकतो मावशी," मी म्हणाले. "पांढरं कापड असतं. जेवढं शिकवायचं तेवढाच भाग उघडतो, बाकी झाकलेलं. काम झालं की पुन्हा सगळं झाकतो. पहिल्या दिवशी मुलं नमस्कार करून शपथ घेतात."

त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

"मग ह्ये त्या दिवशी फोनवर सांगायचं न्हाय व्हय?"

  एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य मला येत होतं. रोज संध्याकाळी हॉल बंद करताना कापडं नीट घातली आहेत का, हे मी स्वतः बघते.

चहा आला. थोडा वेळ आम्ही सुनेच्या माहेराबद्दल, शिरोळकडच्या पुराबद्दल बोललो. मी उठले तेव्हा मावशीही उठल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. तिथे थांबून म्हणाल्या, "आमचं ह्ये घरात सांगायचं, की मॅडम वर्गात पोरास्नी सांगत्यात, ह्ये मला एका मिस्त्रींनी शिकवलं म्हणून. लई खूश हुतं त्येच्यावर. गल्लीत सगळ्यास्नी सांगितलतं. खरं का वो त्ये?"

असं त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कोणी सांगण्याचाही प्रश्न नव्हता. म्हणजे ते त्यांनी स्वतःच धरून चाललं होतं, किंवा घरच्यांसाठी रचलं होतं. यातलं कुठलं खरं, हे मला कधीच कळणार नाही.

"हो," मी म्हणाले. "सांगते."

मावशींनी मान हलवली आणि परत फिरल्या. मी स्कूटर सुरू केली, पण लगेच निघाले नाही. आधी गेले नाही ते नाही, आणि गेले तर खोटं बोलून आले. त्या वेळी दुसरं काय बोलायला हवं होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

पुढच्या बॅचला स्फिनॉइड शिकवताना मी सांगितलं. हे हाड मला एका पॅटर्नवाल्या मिस्त्रींनी शिकवलं, शिरोलीच्या फौंड्रीतल्या. ते देहदानाचा फॉर्म भरायला आले तिथपासून, कसं तेही सांगितलं. मुलं ऐकत होती. तास संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी टेबलापाशी आली.

"मॅडम, मग ते शेवटी आपल्याकडे आले?"

"नाही," मी म्हणाले. "घरच्यांची तयारी नव्हती."

ती "अच्छा" म्हणाली आणि गेली. मी कागद गोळा करत उभी राहिले. माझं बोलणं पुन्हा तसंच निघालं होतं, खोटं नसलेलं. मावशींच्या डोक्यावर टाकून मी मोकळी झाले होते. ती मुलगी जिन्यात असेल, हाक मारावी, असं वाटलं. मारली नाही.

यंदा मात्र मी त्या मुलीला न सांगितलेलंही सांगितलं. म्हटलं, त्यांच्या बायकोला एक प्रश्न विचारायचा होता. मी तीनदा येते म्हणाले आणि गेले नाही, म्हणून ते आपल्याकडे आले नाहीत. वर्ग एकदम गप्प झाला. त्यांना काही लागलं म्हणून, की जेवणाची सुट्टी व्हायला दोनच मिनिटं होती म्हणून, ते मला कळलं नाही. मी तास सोडला.